समुद्रावरचा उपास

आमच्या भागात समुद्र पाहिलेला माणूस सापडणे कठीण. त्यामुळे मी आगबोटीतून जाऊन आलो हे कळले की लोक मला ओट्यावर बसवून घेतात आणि लाटा केवढ्या होत्या, मासे केवढे होते, असे विचारतात. मी लाटांचे सांगतो, माशांचे सांगतो. बोटीवर काय खाल्ले हे मात्र कोणी विचारत नाही. कारण आम्ही तिथले काहीच खाल्ले नाही, असे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

ज्यांच्यासोबत मी गेलो ते माझे मामा, धारूरच्या पुढे घाटाच्या कडेला असलेल्या एका गावचे देशमुख. आई लहानपणीच वारल्यामुळे मी त्यांच्या घरी वाढलो, आणि त्यांच्याच घरचे जेवून त्यांच्याच विरुद्ध मतांचा झालो. याचा दोष मामा पत्रकांना देत. नगरहून, पुण्याहून चार-आठ पानी पत्रके येत. दारूविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, तेराव्याच्या जेवणावळींविरुद्धची. निजामाच्या हद्दीत ती उघड आणता येत नसत. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई गाठोडी उसकून पाहत, म्हणून ती पेंडीच्या पोत्यांतून येत आणि त्यांना कायम पेंडीचा वास असे. मी वाचायला शिकलो तो त्याच कागदांवर. पुढे स्वतःही लिहू लागलो. लग्नातल्या अन्नाच्या नासाडीवर एक पत्रक लिहिले, ते मामांच्याच घरचे लग्न पाहून. ते छापून आले तेव्हा मामांनी ते सगळ्यांसमोर वाचून घेतले, पोट धरून हसले, आणि तेव्हापासून पंगतीत माझ्या पानाशी वाढपी आला की ते ओरडत, "त्याला नगं रे, त्यो कागद खातो."

मला राग येई. पण गावात माझ्याबद्दल आणखीही एक गोष्ट बोलली जाई आणि तिचा मला अभिमान होता. देशमुखांचा भाचा खोटे बोलत नाही, असे लोक म्हणत. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी मला साक्षीला बोलावले होते. तेवढे एकच धन माझ्यापाशी होते.

त्या साली पावसाने दगा दिला. खरीप करपला. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि कणीस न धरताच वाळली. मामांच्या घरामागे पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार; तोंडाशी अरुंद, आत रांजणासारखे फुगलेले. आत कडब्याचे अस्तर देऊन ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि शेणामातीने लिंपून टाकायचे. अशा सालात देशमुखांनी पेव उघडायचे आणि गावाने त्यावर निभवायचे, ही जुनी चाल. मात्र लेप फोडायचा तो घरच्या कर्त्या पुरुषानेच. आणि त्याचे तोंड शुद्ध हवे. परमुलखात परक्याच्या हातचे शिजलेले अन्न त्याच्या पोटात गेले असेल, तर आधी गोदावरीवर जाऊन स्नान, मग उपास, मग भटजींच्या देखरेखीखाली प्रायश्चित्त, आणि मगच पेवाला हात. नाहीतर धान्याला कीड लागते, असा त्या घरचा पक्का समज. या समजावरही मी एक पत्रक लिहिणार होतो.

अशा सालात मामा समुद्रावर निघाले. त्यांच्या छातीत जड वाटे, चालताना धाप लागे. बीडच्या हकिमाने सांगितले, समुद्राची हवा खा. मुंबईहून कोलंबोला जाऊन परत येणारी एक आगबोट होती, आणि साहेबलोक त्यात निव्वळ हवा खायला बसतात असे मामांनी कोणा जहागीरदाराकडून ऐकले होते. इंग्रजी बोलण्यापुरता मी सोबत हवा होतो.

निघायच्या दिवशी माणसे दारात आली. माळावर मेंढरांचे वाडगे होते, तिथली एक धनगरीण पुढे झाली. सगळे गाव तिला मावशी म्हणे. तिची निम्मी मेंढरे तोवर बाजारात गेली होती.

"सरकार, जायच्या आधी पेव उघडून जावा की."

"अजून निभतंय की तुमचं," मामा म्हणाले. "मी पुनवेला माघारी येतो. आल्या आल्या उघडू. पेव काय पळून चाललंय?"

"पेव कुठं जातंय सरकार. पोटच मागं लागलंय."

लोक हसले. मामाही हसले आणि गाडीत बसले. मामींनी माझ्या हाती एक पोते दिले. तुपातले लाडू, धपाटे, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी. "ह्याच्याशिवाय त्यांच्या तोंडाला काही लागू देऊ नको," त्या म्हणाल्या. "नाहीतर आल्यावर हे प्रायश्चित्तात अडकतील आणि लोकं दारात बसतील." मी हो म्हणालो. मामींना भटजींपेक्षा दारातल्या लोकांची जास्त काळजी होती.

सुरुवातीला आम्ही खरेच पोत्यातले खाल्ले. मामांना बोट लागली होती, त्यामुळे तेही थोडेच. मग समुद्र शांत झाला, मामांचे डोके ठिकाणावर आले, आणि त्यांना घंटा ऐकू येऊ लागली. बोटीवर जेवणाची घंटा वाजते. घंटा झाली की बटलर खोल्यांवरून जाऊन माणसांना बोलावतो. आमचा बटलर गोव्याचा होता. तो दारात वाकून म्हणाला, "साहेब, टेबल लागलेय. चलता ना?"

मामा एकदम उठून बसले. आमच्याकडे जेवणाचे आवतन असेच येते. आधी न्हावी घरोघर सांगून जातो, मग पाने वाढली की पुन्हा बोलवायला येतो. दारात दुसऱ्यांदा आलेले आवतन मोडणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणे.

"मामा, हे आवतन नाही. तिकिटातच आहे. जायचे नसेल तर जाऊ नये."

"ए बे, माणूस दारात वाकून उभा हाय आन् तू मला तिकीट सांगतोस? आवतन मोडायची आपल्या घरात रीत न्हाई." त्यांनी पटका बांधायला घेतला. "नुसतं पानावर बसून येऊ. शिवायचं न्हाई."

पानावर बसून येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आधी रस्सा आला. मामांनी तो संपवला आणि हात पुसू लागले. तोच मासा आला. आमच्या पंगतीत सगळे एकदम पानात वाढतात आणि नंतर येतो तो आग्रह. मामांना वाटले, जेवण झाले, आता यजमान आग्रह करतो आहे. आग्रह मोडणे आवतन मोडण्याइतकेच वाईट, म्हणून त्यांनी मासा संपवला. मग कोंबडी आली, मग मटण, मग गोड, मग फळे. दर खेपेला मामा बटलरला दोन्ही हात जोडून म्हणत, "बास की आता," आणि खात. टेबलावरून उठल्यावर मला म्हणाले, "लई मानाचे लोक हायेत रे. एवढा आग्रह मी सोयऱ्याकडं पाहिला न्हाई."

पुढे त्यांना सगळा प्रकार कळला. पण तोवर तोंडाला चटक लागली होती. सकाळी अंथरुणात चहा आणि बिस्किटे, मग न्याहारी, न्याहारी पचायच्या आत डेकवर पेल्यातून रस्सा, दुपारचे जेवण, पुन्हा चहा आणि केक, रात्रीचे जेवण, आणि झोपण्याआधी काही कमी पडू नये म्हणून थंड मटणाचे काप. छातीचे औषध म्हणून ब्रँडी. बोटीवरच्या माणसांना समुद्राकडे बघायला सवडच नव्हती. आरामखुर्च्यांत ते पोटावर हात ठेवून पडत आणि घंटा झाली की उठत. आमच्या टेबलावर कापसाचा एक गोरा व्यापारी होता. त्याने एकदा इतके ढोसले की दोन नोकरांनी त्याला उचलून नेले. दुसऱ्या दिवशी तो कठड्यावरून खाली ओकला, रुमालाने तोंड पुसले आणि आत येऊन अंडी मागवली. त्याची बायको आइसक्रीम वितळले म्हणून बटलरवर चिडली आणि भरलेली बशी तशीच सरकवली.

हे सगळे मी मनात टिपत होतो. परत गेल्यावर जे पत्रक लिहीन ते नगरपासून धारूरपर्यंत गाजेल, असे मला वाटत होते. त्यातली वाक्येसुद्धा तयार झाली होती. ती मी आइसक्रीम खाता खाता तयार केली.

होय, मीही खात होतो. पहिल्या दिवशी मी टेबलावर हात बांधून बसलो आणि मामा म्हणाले, "बटलर, ह्याला एखादं वर्तमानपत्र आण, भूक लागली असंल." दुसऱ्या दिवशी मी फक्त पाव खाल्ला. त्यानंतरचे सांगण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीची लाज मात्र अजून ताजी आहे. मामा नाही म्हणत नाहीत हे त्या व्यापाऱ्याच्या ध्यानात आले. तो आपल्या वाटचे ताट बटलरच्या हाती मामांकडे पाठवू लागला. मग शेजारचेही पाठवू लागले. मामा मानाने मान लववत आणि संपवत. ते लोक इंग्रजीत आपसात बोलत. हा म्हातारा फुटेल की बोट आधी बुडेल, यावर त्यांची पैज लागली होती. तो शब्द न् शब्द मला कळत होता.

"काय म्हणतोय रे साहेब?" मामांनी मला विचारले.

"म्हणतात, तुमची भूक चांगली आहे."

"त्याला सांग, आमच्याकडं ये म्हणावं. हुरड्याला ये. बघ म्हणावं आमचा आग्रह."

मी ते भाषांतर केले. टेबल हसून हसून लोळले. मामाही त्यांच्यात हसले. मी त्यांचे मनगट धरून त्यांना उठवायला हवे होते. मी पुढच्या ताटाची वाट बघत बसलो.

तुतिकोरीनला कोलंबोकडच्या चहाच्या मळ्यांवर कामाला जाणारी माणसे बोटीत चढली. त्यांची जागा खाली उघड्यावर. मोट बांधल्यासारखी ती बसली होती, बायका, पोरे, गाठोडी. आमच्या जेवणानंतर उरलेले अन्न टोपल्यांतून मागच्या बाजूला जाई. एका बाईने खालून आपले भांडे वर धरले. टोपलीवाला तिच्याकडे न बघता पुढे गेला आणि अख्ख्या कोंबड्या, पाव, पुडिंग असे सगळे पाण्यात ओतले. पक्षी तुटून पडले. मी बटलरला विचारले, त्या बाईला का दिले नाही?

"कायदा तसा असा, बाबा," तो म्हणाला. "एकदा दिले की सगळीच येतली."

ती बाई भांडे तसेच धरून पक्ष्यांकडे बघत होती. मी वर कठड्याशी उभा होतो आणि माझ्या हातात संत्रे होते. ते खाली टाकावे असे मनात आले, आणि तसे टाकणे कुत्र्याला टाकल्यासारखे दिसेल असेही मनात आले. मी त्या विचारात असतानाच ती गर्दीत निघून गेली.

कोलंबोचे मला फारसे आठवत नाही. परतीच्या वाटेवर, मुंबई जवळ आली तेव्हा मामांना पोत्याची आठवण झाली. उघडले तर धपाट्यांवर हिरवी बुरशी, लाडूंना खवट वास. मामा बराच वेळ त्या लाडवांकडे बघत राहिले. मामींनी ते स्वतः वळले होते, बोटांचे ठसे दिसत होते.

"फेकून दे," ते म्हणाले. "पोतं मात्र राहू दे."

मी कठड्यावरून पोते उपडे केले. त्या लाडवांवरही तेच पक्षी आले.

नगरला उतरून बैलगाडीने निघालो. वाटेवरच्या कडा गावात बाजार होता, पण तो नुसता जनावरांचा. विकणारे पुष्कळ, घेणारा एखादा. रस्त्याने कळप पाण्याकडे सरकत होते आणि मेंढरांच्या बरगड्या मोजाव्यात अशा दिसत होत्या. पौर्णिमा होऊन गेली होती. मुंबईत मामांचे पोट बिघडून आठवडाभर मुक्काम पडला होता, त्यामुळे उशीर झाला. मामा गाडीत शाल पांघरून बसून होते.

गावात शिरलो तर दारात माणसे बसलेली. मावशी टोपले उपडे घालून त्यावर बसली होती. तिच्या मेंढरांतली आता थोडीच उरली होती, हे मला नंतर कळले. मामींनी आधी माझ्या हातातले पोते घेतले, आत बघितले, रिकामे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

भटजी ओट्यावर होते. ते कठोर माणूस नव्हते, पण नेमाचे पक्के होते.

"देशमुख, बोटीवरचं काही पोटात गेलं का? गेलं असेल तर सांगा. लपवू नका, ह्या लोकांच्या धान्याचा प्रश्न आहे. गोदावरीवर जाऊन यावं लागेल."

गोदावरी म्हणजे गाडीने जाणे, स्नान, परत येणे, मग उपास, मग विधी. दारात बसलेल्या माणसांनी तो हिशेब मनातल्या मनात केला. तो त्यांच्या तोंडांवर दिसला.

"पोत्यातलंच खाल्लं," मामा म्हणाले.

भटजींनी शालीतून पुढे आलेल्या पोटाकडे बघितले. मग माझ्याकडे वळले. "भाच्याला विचारू. तो खोटं बोलत नाही."

पत्रकात अशा वेळी काय करायचे ते स्पष्ट असते. सत्य सांगावे. शिवाय हेही ठणकावून सांगावे की समुद्रावर खाल्ल्याने धान्याला कीड लागत नाही, हा धडधडीत खुळेपणा आहे, चला, फोडा लेप. मी तसे म्हणालो असतो तर वाद झाला असता. माझी मते गावाला ठाऊक होती. त्यांना कोणी जुमानत नसे. मामी रडल्या असत्या, भटजी उठून गेले असते आणि पेव तसेच राहिले असते. माझे फक्त एवढेच जुमानले जाई की मी खोटे बोलत नाही. मावशीने टोपले उलटून हातात घेतले होते.

"पोत्यातलेच," मी म्हणालो. "बोटीवरच्या अन्नाला आम्ही हात लावला नाही."

"जाताना आणि येताना?"

"जाताना आणि येताना."

एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला, "तरी देशमुख जाड दिसत्यात." दुसरा लगेच त्याच्यावर खेकसला, "ती सूज हाय बे. उपासाची सूज. दुष्काळात बघितली न्हाईस का?" आणि सगळ्यांनी मान डोलावली. बायकांनी पुढे होऊन मामांच्या पायांवर पाणी घातले. मामा जमिनीकडे बघत उभे होते. मी त्यांना जन्मात प्रथमच लाजलेले पाहिले.

त्याच दुपारी मामांनी लेप फोडला. फरशी उचलल्यावर सगळे मागे सरले, कारण पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते. रात्रभर तोंड उघडे ठेवले, सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो जळत राहिला तेव्हा एक गडी उतरला आणि टोपली वर येऊ लागली. ज्वारी काळसर पडली होती, तिला कुबट वास होता. पण कीड नव्हती. भटजी माझ्याकडे बघून प्रसन्न हसले.

घरी मामींनी पुरणाचा घाट घातला होता. मामांनी दोन घास खाल्ले आणि पान सारले. "उपासानं आतडं आखडलंय ह्यांचं," मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मला तिथे बसवेना. मी उठून माळाकडे गेलो.

वाडग्यापाशी मावशीची चूल पेटली होती. तिची सून भाकरी थापत होती. पहिली भाकरी तव्यावरून निघाली होती आणि घरातली माणसे भोवती बसली होती, कोणी हात पुढे केला नव्हता. मावशीने मला लांबूनच हाक मारली.

"भाचेबुवा, हिकडं या. बसा."

"नको मावशी, मी जेवून आलो."

"खोटं कावून बोलता?" ती म्हणाली. "कधी बोलत न्हाई म्हणं तुमी, मग आजच कावून? मामी सांगत हुत्या, घरात कुणाला घास गिळंना."

तिने ती भाकरी माझ्या हातावर ठेवली. वर मिठाचा खडा आणि मिरची. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात हेवा नव्हता.

"आमाला समजतंय सगळं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिथं एवढं अन्न समोर असंल. खाल्लं असतं तर गोदावरी, मग परासचित. आमी बसलो असतो तोंड वासून. त्या पायी तुमी दोघं समुद्रावर उपाशी राह्यलात. देशमुख मोठ्या मनाचे, पर तुमी तर लेकरू. खावा आधी. मग आमी."

भाकरी परत करायची सोय नव्हती. आमच्याकडे हातावर ठेवलेली भाकरी परत करत नाहीत, आणि मी खाल्ल्याशिवाय ती माणसे खाणार नव्हती. मी एक तुकडा मोडला. भाकरीला पेवाचा वास होता, थोडी कडवट होती. लवकर संपावी म्हणून मी घाईघाईने दुसरा मोडला, तिसरा मोडला.

ते पत्रक मी लिहिले नाही. लिहिले असते तर ते नगरला छापून पेंडीच्या पोत्यातून याच गावात आले असते, आणि कोणीतरी मावशीला वाचून दाखवले असते.

तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दमानं खावा," ती म्हणाली. "लई दिवस उपाशी असलेल्या माणसानं एकदम खाऊ न्हाई. पोटात दुखतंय."

मी दमाने खाल्ले.